काचसफाईची गाडी : आधी पाणी तोला, मग किंमत पाहा

प्रतिनिधी

वांद्रे-कुर्ला संकुल असो, लोअर परळ असो वा पुण्यातील हिंजवडी आणि खराडी. गेल्या दोन-अडीच दशकांत महानगरांचा दर्शनी भाग काचेचा झाला आहे. काच आली की धूळ आली, पावसाचे ओघळ आले आणि ते पुसणारे हातही आले. सोसायट्या, दवाखाने, शोरूम आणि कार्यालये यांच्या काचा ठरलेल्या मुदतीने स्वच्छ करून देणे हा अनेक तरुणांचा व्यवसाय झाला आहे. बादली, वायपर आणि शिडी यांवर सुरू झालेले काम वाढले, की पहिला मोठा खर्च समोर उभा राहतो तो गाडीचा.

हा निर्णय बहुधा दोनच गोष्टींवर घेतला जातो: मासिक हप्ता किती आणि गाडी किलोमागे किती धावते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु या व्यवसायात त्यांचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला प्रश्न वजनाचा आहे, कारण काचसफाईच्या गाडीतील सर्वांत जड वस्तू म्हणजे पाणी.

पाण्याचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. हे गणित शाळेत शिकवलेले असते, पण गाडी घेताना त्याचा हमखास विसर पडतो. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने काच धुण्याच्या पद्धतीत क्षारमुक्त पाणी वापरले जाते. पाण्यात विरघळलेले क्षार जवळपास शून्यावर आणले, तर काच न पुसताही वाळते आणि पांढरे ठिपके उरत नाहीत. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने हे साधत नाही. त्यामुळे पाणी आपल्या गोदामात शुद्ध करून टाकीतून सोबत न्यावे लागते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. पाणी ३०० किलो. रिकामी टाकी आणि तिला धरून ठेवणारी लोखंडी चौकट ४०. पंप, बॅटरी व शुद्धीकरण संच ४०. नळी, शिड्या आणि दांडे ५०. दोर, हार्नेस, बादल्या व रसायने ४०. चालक आणि एक सहकारी मिळून १४०. बेरीज ६१० किलो. टाकी ५०० लिटरची घेतली, तर हाच आकडा ८१० होतो. ‘छोटा हत्ती’ या नावाने महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झालेल्या टाटा एसची मूळ ओळखच पाऊण टनाची. म्हणजे टाकीच्या आकारातील एका निर्णयाने गाडी नियमात राहते किंवा नियमाबाहेर जाते.

गाडीची खरी क्षमता नोंदणी पुस्तकावरून काढता येते. त्यात विनाभार वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केल्यावर जे उरते, त्यातच माणसे आणि सामान दोन्ही बसवायचे असते. सीएनजीची टाकी किंवा वरून बसवलेली बंद बॉडी यांचे वजनही याच हिश्शातून जाते. त्यामुळे जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. जी आवृत्ती घ्यायची तिचेच आकडे विक्रेत्याकडून लेखी मागावेत. सामान भरून झाल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर उभी करावी. हा किरकोळ खर्च पुढचे मोठे नुकसान टाळतो.

अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक त्रासदायक ठरते. ब्रेक लावताच पाणी पुढे धावते, वळणावर एका बाजूला झुकते आणि गाडी ओढली जाते. यासाठी आतून आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी. ती शक्य तितकी खाली आणि मागच्या चाकांच्या किंचित पुढे बसवावी व चौकटीला नट-बोल्टने पक्की करावी. दोरीने बांधलेली टाकी बोरघाटाच्या उतारावर अचानक ब्रेक लावावा लागला, तर थेट चालकाच्या पाठीवर येऊ शकते.

कोणती गाडी, कोणत्या कामाला

मारुतीची ओम्नी अनेक वर्षे लहान व्यावसायिकांची सोबती होती. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. २०१० मध्ये बाजारात आलेल्या ईकोने तिची जागा बऱ्याच अंशी घेतली. ईकोची मालवाहू आवृत्ती बंद असल्याने दोर, हार्नेस आणि यंत्रे पावसापासून व चोरीपासून सुरक्षित राहतात. बाजूचे सरकते दार अरुंद गल्लीत सोयीचे पडते. घरे, दुकाने आणि लहान कार्यालये हे ज्यांचे मुख्य काम आहे आणि पाणी जागेवरच मिळते, त्यांना ही गाडी पुरेशी आहे. मोठी टाकी मात्र तिच्यावर लादू नये.

टाटा एस २००५ मध्ये आली. तिचा हौदा मोकळा असल्याने टाकी आणि लांब शिड्या सहज बसतात, आणि तिचे काम जाणणारा मेकॅनिक जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतो. उघड्या हौद्यावर ताडपत्री घालावी लागते आणि मुक्कामी सामान उतरवून ठेवावे लागते, ही तिची मर्यादा. एका दिवसात दोन-तीन इमारती आणि ५०० लिटर पाणी असा व्याप असेल, तर २०११ मध्ये आलेल्या अशोक लेलँड दोस्तसारख्या सव्वा टन वर्गातील वाहनाचा विचार करावा.

इंधनाची निवड फेऱ्यांवर ठरते. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानंतरच्या अनेक डिझेल वाहनांच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग व वेगाने धावणे गरजेचे असते. दादरहून परळ, परळहून वरळी अशा तुटक फेऱ्यांत ती तुंबण्याचा संभव असतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना पेट्रोल किंवा सीएनजी बरे. सीएनजीच्या बाबतीत पंपावरील रांगेचा वेळ हिशेबात धरावा. टाटा एसची विद्युत आवृत्ती २०२२ मध्ये आली, तेव्हा तिची क्षमता ६०० किलो होती. २०२४ मध्ये एक टन क्षमतेची आवृत्ती आली. रोजचे अंतर ठरलेले असेल आणि रात्री गाडी लावण्याच्या जागी हक्काची वीजजोडणी असेल, तर हा पर्याय तपासून पाहण्याजोगा आहे.

माणसे कुठे बसणार?

या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. टाटा एसच्या केबिनमध्ये चालक आणि एक सहकारी एवढीच जागा असते. उरलेली दोन-तीन मुले हौद्यात टाकीला टेकून बसतात, हे दृश्य महामार्गावर रोज दिसते. हे नियमबाह्य तर आहेच. शिवाय अपघात झाल्यास त्यांच्या भरपाईचा दावा विमा कंपनीकडून नाकारला जाण्याचा धोका असतो. दहाव्या मजल्यावर दोराने लटकणाऱ्या कामगाराला हार्नेस द्यायचा आणि घरी परतताना त्याला उघड्या हौद्यात बसवायचे, यात कोणतेही शहाणपण नाही. मुंबईत यावर सोपा तोडगा आहे: गाडीने फक्त सामान न्यावे आणि माणसांनी लोकलने पोहोचावे. त्यांच्या पासचा खर्च कंत्राटाच्या दरातच धरावा.

बंद गाडीत केबिन आणि सामान यांच्यामध्ये पक्का पडदा असावा. काचेवरील जुने डाग काढणारी काही रसायने आम्लयुक्त असतात. त्यांची वाफ चालकापर्यंत पोहोचता कामा नये.

कायद्याच्या चार गोष्टी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार, एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची सक्ती नाही. योग्यता प्रमाणपत्र मात्र सर्व व्यावसायिक वाहनांना लागते. पहिली आठ वर्षे ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना असल्यास त्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला हा निर्वाळा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केला.

जादा भार वाहिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा झाल्यास आरटीओची मान्यता घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

जीएसटीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. नियमित करदात्यास मालवाहू वाहनावर भरलेल्या कराची वजावट मिळते. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. एकाच नावाच्या गाडीची प्रवासी आणि मालवाहू अशी दोन रूपे असतील, तर कोणते रूप आपल्या नावावर नोंदवले जात आहे हे सही करण्यापूर्वी पाहावे.

जुनी गाडी घेताना

व्यवसायाच्या आरंभी जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. मात्र सकाळी इंजिन थंड असताना जाऊन ती सुरू करून पाहावी. गाडीखाली वाकून सांगाडा तपासावा. समुद्रकाठच्या हवेत गंज लवकर धरतो, आणि सतत पाणी सांडणाऱ्या गाडीत तो आतूनही धरतो. ताजा काळा रंग मारलेला असेल, तर तो नेमका कशावर मारला आहे याची चौकशी करावी. थकलेले ई-चलन, विम्याची मुदत आणि योग्यता प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळावे. कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५, तसेच नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

भरवसा म्हणजे काय?

काचसफाईची कंत्राटे वेळेवर चालतात. कार्यालय उघडण्यापूर्वी काम आटोपावे लागते आणि तळघरातील वाहनतळाच्या कमानीखालून गाडी जावी लागते. त्यासाठी छतावरील शिडी धरून गाडीची उंची मोजून ठेवावी. सकाळी सहाला गाडी सुरू झाली नाही, तर त्या दिवसाची मजुरी अंगावर पडतेच. शिवाय दुसऱ्यांदा तसे घडल्यास कंत्राटही हातचे जाते. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी आपल्या गोदामापासून सर्वांत जवळचे सेवा केंद्र कोठे आहे, क्लच आणि ब्रेकचे भाग त्याच दिवशी मिळतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. त्याच भागात तीच गाडी चालवणाऱ्या दोन-तीन टेम्पोवाल्यांशी बोलावे. शोरूममधील तासाभराच्या चर्चेपेक्षा ही दहा मिनिटे अधिक शिकवतात.

आणि महिन्याची ठरलेली कामे अजून हातात नसतील, तर गाडी घेण्याची घाई करू नये. कामाच्या दिवसापुरता टेम्पो भाड्याने घ्यावा आणि त्या भाड्याची वहीत नोंद ठेवावी. सलग काही महिने हे भाडे हप्ता, विमा आणि देखभाल यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरू लागले, की स्वतःची गाडी घेण्याची वेळ आली असे समजावे. तोपर्यंत किती लिटर पाणी लागते, किती माणसे लागतात आणि किती अंतर पडते, हे त्याच वहीत लिहिले गेलेले असेल. गाडीची निवड त्या वहीवरून करावी.