इंग्रजी वृत्तपत्रांतील मथळे : भाषा व प्रामाण्य

इंग्रजी वृत्तपत्रांचीं कात्रणें संग्राहकांच्या दप्तरांत सर्रास आढळतात व इतिहासलेखनांत त्यांचा आधारहि घेतला जातो. पुष्कळ कात्रणांत मथळा तेवढा शाबूत राहतो; तारीख व खालचा मजकूर कातरीस बळी पडतात. अशा मथळ्यावरून कांहीं निर्णय करूं पाहणारानें त्याची भाषा आधीं समजून घेतली पाहिजे.

रकान्याची रुंदी ठरलेली व टाइप मोठा, यामुळें सूत्रकारांस प्रिय असलेलें लाघव येथें अपरिहार्य होतें. उपपदें व सहाय्यक क्रियापदें गळतात. तीं वाचकानें अध्याहृत घ्यावयाचीं. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळानें सांगतात. होणारी गोष्ट धातूमागें 'टू' लावून सुचवितात. स्वल्पविराम पुष्कळदां 'आणि' या अर्थीं येतो. शब्द अवतरणचिन्हांत असल्यास तें म्हणणें दुसऱ्याचें, पत्राची त्यास हमी नाहीं, असें बहुधा समजावें. नामांपुढें नामें विभक्तीवांचून रचिलेलीं असतात. त्यांचा विग्रह तत्पुरुषाप्रमाणें अंत्यपद प्रधान मानून करावा.

अमेरिकेंतील 'व्हरायटी' पत्राचा १७ जुलै १९३५ चा 'स्टिक्स निक्स हिक पिक्स' हा मथळा प्रसिद्ध आहे. खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांस ग्रामीण जीवनावरील चित्रपट पसंत नाहींत, एवढा अर्थ त्या चार शब्दांत कोंबला आहे.

परंतु इंग्रजींत नाम व क्रियापद यांचें रूप अनेकदां एकच असल्यानें लाघवापायीं संदेह उत्पन्न होतो. २००९ सालीं एका जपानी पत्रानें 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स' असा मथळा दिला. १९८५ च्या विमान-अपघातांत जिचा पिता वारला ती वादिका आतां उत्कर्ष पावत आहे, हा त्याचा अभिप्राय. 'ब्लॉसम्स' हें क्रियापद न मानितां नाम मानिलें, तर अपघाताचीं फुलें असा विलक्षण अर्थ निघतो. तेव्हांपासून असल्या संदिग्ध मथळ्यांस 'क्रॅश ब्लॉसम्स' हेंच नांव पडलें.

अर्थ निःसंदिग्ध असला तरी प्रामाण्य सिद्ध होत नाहीं. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'चा मथळा होता 'ड्युई डिफीट्स ट्रूमन'. छापखान्यांतील संपामुळें अंक नेहमींपेक्षां लवकर छापावयास घ्यावा लागला व निकाल लागण्यापूर्वींच अनुमान वर्तमानकाळांत छापलें गेलें. प्रत्यक्षांत ट्रूमन यांस ३०३ व ड्युई यांस १८९ निर्वाचक मतें मिळालीं. पुढील आवृत्त्यांत मथळा बदलला. पण पहिल्या आवृत्तीचें कात्रण ज्याच्या हातीं पडेल, त्यास तें समकालीन व अस्सल साधनच वाटेल.

शिवाय मथळा बहुधा बातमीदार लिहीत नाहीं, उपसंपादक लिहितो. मोडी पत्राच्या पाठीवरील शेऱ्यावरून पत्राचा आशय कोणी ठरवीत नाहीं. मथळ्याची योग्यता त्या शेऱ्याएवढीच मानावी. म्हणून संग्राहकांनीं कात्रणाबरोबर पत्राचें नांव, तारीख, आवृत्ति व संपूर्ण मजकूर हीं जतन करावीं, एवढीच आमची सूचना आहे.