दोन सूर्योदयांचा प्रवास

फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर जपानच्या हातीं पडलें आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना जोडणारा विमानमार्ग तुटला. तो सांधण्यासाठीं क्वांटास कंपनीनें जुलै १९४३ मध्यें एक धाडसी उपक्रम आरंभिला. पर्थ येथील स्वान नदीच्या पात्रांतून उडालेलें कॅटॅलिना जातीचें जलविमान हिंदी महासागर ओलांडून तत्कालीन सिलोनमधील कोग्गला सरोवरावर उतरूं लागलें. अंतर सुमारें ३,५०० मैल. वाटेंत विसांवा कोठेंहि नाहीं.

वेग इतका बेताचा कीं, उड्डाणास २७ ते ३३ तास लागत. पेट्रोलाचा भार एवढा कीं, प्रवासी तिघेच घेतां येत. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी संदेश वर्ज्य. दिशा ताऱ्यांवरून ठरवावयाची. एकाच उड्डाणांत सूर्य दोनदां उगवतांना दिसे. त्यावरून या सेवेस ‘दुहेरी सूर्योदय’ हें नांव पडलें. जुलै १९४५ पर्यंत २७१ वेळां महासागर ओलांडला गेला. वाटेंत एकहि विमान गमावलें नाहीं.

मार्च २०१८ मध्यें पर्थहून थेट लंडनला जाणारी सेवा सुरू झाली. अंतर सुमारें ९,००० मैल, वेळ सुमारें १७ तास. पृथ्वीवरील अंतर तसूभरहि घटत नाहीं. घटतो तो काळ. परंतु त्यापूर्वीं कोणीं तरी अंधाऱ्या सागरावर रात्र जागून काढलेली असते.