कोळसा, डिझेल, गॅस : आपल्या लेकरांची गाडी कशावर चालते आणि ते ठरवतं कोण?

जून महिना लागला, शाळा उघडल्या की माझ्या फोनवर दरवर्षी त्याच तक्रारी येतात. "भाऊ, गाडी टायमावर येत नाही, बातमी लावा." "भाऊ, गाडीत पोट्टे कोंबून नेतात, फोटो टाका." तक्रारी रास्तच आहेत. पण गाडी चालते कशावर, हे आजवर एकाही पालकानं मला विचारलं नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहरात 'स्कूल बस' म्हटलं की पिवळी गाडी डोळ्यासमोर येते. अड्याळमध्ये खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्या आहेत, पण भंडारा-पवनी रस्त्यावरच्या खेड्यापाड्यातल्या बहुतेक पोरांची स्कूल बस म्हणजे आपली एसटीच. पास काढायचा आणि उभ्यानं का होईना, शाळा गाठायची. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. एसटी बंद म्हणजे शाळा बंद, हे आपण ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 च्या संपात पाहिलंच आहे. त्यामुळे एसटीच्या इंधनाचा इतिहास हाच आपल्या शाळेच्या गाडीचा इतिहास आहे.

सुरुवात कोळशापासून करू. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल लष्कराकडे वळलं, 1941 पासून देशात रेशनिंग लागलं आणि प्रवासी मोटारींना पेट्रोल मिळेना. मग गाडीच्या मागं एक उंच पिंप बसवलं गेलं. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हवा बेतानं द्यायची आणि त्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी गाडी निघायच्या आधी क्लीनर पंख्याचं हँडल फिरवून विस्तव फुलवत बसायचा. इंजिनाची ताकद कमी व्हायची, चढ आला की लोक खाली उतरायचे. आमचे आजोबा सांगायचे, "तिकीट काढून गाडी ढकलाची, असा तो जमाना होता." या गॅसमधला जळणारा भाग म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, बंद जागेत जीव घेणारा. तरी लोक बसले, कारण दुसरा इलाज नव्हता. युद्ध संपलं, पेट्रोल आलं आणि कोळशाची पिंपं भंगारात गेली.

1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या काळात बेडफर्ड, शेवरलेट, फोर्डसन, लेलँड, अल्बियन अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. आपण तेव्हा त्या राज्यात नव्हतोच. आपण मध्य प्रांतातले, आपली राजधानी नागपूर. नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही वेगळी सरकारी सेवा होती. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबई राज्याच्या एसटीत विलीन झाली आणि 1961 मध्ये आजचं महामंडळ उभं राहिलं.

याच काळात डिझेल आलं. 1954 मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेन्झचे ट्रक आणि बसचे सांगाडे बनू लागले. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी तेलात जास्त चालतं, ओझं ओढतं, वर्षानुवर्षं टिकतं. हिशेब सरळ होता. सायलेन्सरमागं उभं राहणाऱ्या पोराच्या छातीचा त्यात कुठंच उल्लेख नव्हता, तेव्हा तो कोणाला ठाऊकही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो असं अधिकृतपणे जाहीर केलं ते जून 2012 मध्ये. म्हणजे आपल्या दोन पिढ्या त्या धुरात शाळा शिकून मोठ्या झाल्या.

देशात पहिला मोठा बदल झाला दिल्लीत, आणि तो कोर्टानं करवला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं 28 जुलै 1998 ला सांगितलं, 31 मार्च 2001 पर्यंत राजधानीच्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. सरकारनं मुदत येईपर्यंत ढकलाढकली केली. मग एप्रिल 2001 मध्ये हजारो बस रस्त्यावरून गायब, पंपांवर रात्रभर रांगा आणि शाळेच्या पोरांचे हाल. 2002 संपेपर्यंत मात्र डिझेलच्या सिटी बस गेल्या. कोर्टाचा आदेश होता, पाइपलाइन होती, आणि बातम्या करणारे सगळे पेपर दिल्लीत होते. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं.

आपल्याकडचा बदल पैशानं सुरू झाला. जानेवारी 2013 मध्ये केंद्रानं घाऊक ग्राहकांची डिझेलवरची सवलत काढली. एसटी घाऊक ग्राहक, म्हणजे सामान्य माणसाच्या गाडीला महाग डिझेल आणि साहेबाच्या गाडीला स्वस्त! मग एसटीनं आपले पंप सोडून बाहेरच्या पंपावर रांगा लावल्या. मार्च 2022 मध्ये घाऊक डिझेल लिटरमागं एकदम 25 रुपयांनी वाढलं, तेव्हा पुन्हा तोच प्रकार. तिथून सीएनजी, एलएनजी, विजेच्या गाड्या अशी धावाधाव सुरू झाली. 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' धावली. पाच हजारांवर विजेच्या गाड्यांचा करार झाला, त्या वेळेवर आल्या नाहीत. पाच हजार डिझेल गाड्या एलएनजीवर न्यायची योजनाही जाहीर झाली.

नागपूरचा अनुभव तर आपल्या शेजारचाच. 2014 मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवरची हिरवी बस वाजतगाजत आली. गाडी चांगली होती. पण डेपोची सोय आणि पैशाची हमी यावरून बिनसलं आणि 2018 मध्ये ती बंद पडली. मग सीएनजी आला. नागपूरला पाइपलाइन नव्हती, गॅस गुजरातेतून उणे 162 अंशाला थंड करून टँकरनं आणावा लागे. मार्च 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो होता, देशातल्या सगळ्यात महाग दरांपैकी एक. डिझेलपेक्षा स्वस्त म्हणून ज्यांनी किट बसवली, त्यांनी कपाळाला हात लावला.

आता प्रोपेनचं बघा. अमेरिकेत वीस हजारांहून जास्त पिवळ्या स्कूल बस प्रोपेनवर चालतात. प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो. तो कमी दाबात द्रव होतो, टाकी साधी लागते, पाइपलाइन लागत नाही, थंडीत इंजिन पटकन सुरू होतं. धूर जवळजवळ नाही, आवाज कमी. शिवाय 2021 च्या कायद्यानं तिथल्या सरकारनं स्कूल बस बदलायला पाच वर्षांसाठी 5 अब्ज डॉलर ठेवले. त्यातला मोठा वाटा विजेच्या बसला, पण प्रोपेनलाही जागा आहे.

ज्या गावात पाइपलाइन नाही पण गॅसचं सिलिंडर घरोघरी पोचतं, त्या गावासाठी हे इंधन बरं वाटतं. मग आपल्याकडे का नाही? कायद्यानं 2000 मध्येच गाडीत एलपीजीला परवानगी दिली, रिक्षा चालल्याही. पण अमेरिकेत प्रोपेन घरचं आणि उरून निर्यात होण्याइतकं. आपण एलपीजीचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून आणतो आणि आधी चूल पेटवतो. सरकारचं ते बरोबरच आहे. बस त्या रांगेत शेवटी उभी राहिली.

पण जे सरकारनं केलं नाही ते गल्लीत सुरू झालं, आणि ही पोस्ट मी त्यासाठीच लिहितोय. पोरांची ने-आण करणाऱ्या काही जुन्या व्हॅनमध्ये सीटखाली घरगुती लाल सिलिंडर सापडल्याच्या बातम्या विदर्भात नवीन नाहीत. 14.2 किलोचं ते सिलिंडर चुलीसाठी बनलेलं आहे, खड्ड्यांतून धावायसाठी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो, आणि तिथंच लेकरांचे पाय असतात. फेब्रुवारी 2020 मध्ये पंजाबातल्या लोंगोवालला एका जुनाट शाळेच्या व्हॅनला आग लागली आणि चार लेकरं गेली. आग कशानंही लागो, भंगार गाडीतून बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

ऐंशी वर्षांचा हा हिशेब मांडला तर एक गोष्ट दिसते. इंधन बदललं ते युद्धानं, किमतीनं किंवा कोर्टानं. गावातल्या पालकानं मागितलं म्हणून कधीच बदललं नाही. आणि नवी गाडी आधी शहराला मिळते, तिकडे झिजली की आपल्या रस्त्यावर येते.

आपण दिल्लीचं कोर्ट नाही, हे मान्य. पण हातात काहीच नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, तिच्यात पालक असतात. या महिन्यात शाळेत जाऊन चार गोष्टी विचारा. समितीची बैठक शेवटची कधी झाली? गाडीच्या आरसीवर जे इंधन लिहिलं आहे, तेच गाडीत आहे का? सीएनजी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली का? आणि पोरं चढत-उतरत असताना गाडी शाळेच्या फाटकासमोर घुरघुरत उभी का असते, इंजिन बंद करायला काय जातं?

शेवटच्या प्रश्नाला तर एक रुपयाही खर्च नाही. पवनी आणि भंडारा आगाराला ग्रामसभेचा ठराव पाठवायलाही फार खर्च नाही : नव्या गाड्या येतील तेव्हा शाळेच्या वेळेच्या फेऱ्यांना आधी द्या.

तुमच्या गावच्या गाडीची काय स्थिती आहे ते खाली लिहा. गाडीवाल्याचं नाव नको, त्यालाही पोट आहे. गाव, वेळ आणि गाडी कशावर चालते, एवढं पुरे. यादी झाली की मी स्वतः घेऊन आरटीओ ऑफिसात जातो.