वळिवड्याची पोलिश वसाहत

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या गोमंतकीयांपैकी अनेकांची एक फेरी गांधीनगरच्या कापड बाजारात ठरलेली असते. शहरापासून काही किलोमीटर अंतरावर, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत वसलेली ही बाजारपेठ सिंधी व्यापाऱ्यांनी नावारूपास आणली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले तेव्हा त्यांना मोकळे माळरान मिळाले नाही. मिळाल्या त्या बराकींच्या लांबच लांब रांगा. त्या बराकींतून काही काळापूर्वीच दुसरे निर्वासित बाहेर पडले होते. ते पोलंडचे होते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहिले. भारतातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी वसाहत होती.

हे लोक येथवर कसे पोहोचले, याचा धागा सप्टेंबर १९३९पर्यंत मागे जातो. १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४०पासून पुढे लाखो लोकांना मालगाड्यांतून सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियाच्या वनप्रदेशात नेण्यात आले. सरकारी नोकर, शेतकरी, वनरक्षक, निवृत्त सैनिक अशा सर्वांची कुटुंबे त्यांत होती. थंडी, उपासमार आणि सक्तीची मजुरी यांत अनेक दगावले. जून १९४१मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात करार होऊन या बंदींची सुटका मान्य झाली आणि जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारले जाऊ लागले. १९४२मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आले. त्याच्याबरोबर हजारो स्त्रिया, मुले व वृद्धही आले.

सैनिक लढायला जाणार होते. त्यांच्या बायकामुलांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न ब्रिटिशांपुढे होता. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत असे मार्ग निघाले. भारतात पहिले पाऊल मुलांसाठी पडले. १९४२मध्ये रस्त्याने आलेल्या अनाथ व पोरक्या मुलांना प्रथम मुंबईत वांद्रे येथे ठेवण्यात आले आणि नंतर नवानगर संस्थानात जामनगरजवळच्या बालाचडी येथे नेण्यात आले. तेथे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी त्यांच्यासाठी वसतिगृहे उभारली. खर्चासाठी दिल्लीत पोलिश चिल्ड्रन्स फंड स्थापन झाला आणि त्यात अनेक संस्थानिकांनी भर घातली. मुंबईतील पोलिश वकिलातीच्या किरा बानासिन्स्का यांनी पोलिश रेड क्रॉसच्या वतीने या कामात पुढाकार घेतला. आज असे काम एखादी सेवासंस्था किंवा रोटरीसारखा क्लब अंगावर घेतो. त्या वेळी ते वकिलात, रेड क्रॉस, चर्च आणि दरबार यांच्यात वाटले गेले होते.

वळिवड्याची गोष्ट आकारानेही वेगळी होती आणि स्वरूपानेही. येथे मुले एकटी नव्हती. संपूर्ण कुटुंबे होती, फक्त त्यांतले कर्ते पुरुष बहुतेक आघाडीवर होते. कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांतून १९४३च्या मध्यापासून त्यांच्या तुकड्या रेल्वेने येऊ लागल्या. कोल्हापूरची निवड होण्यामागे सौम्य हवामान हे मुख्य कारण सांगितले जाते. रेल्वे आणि पंचगंगा नदी यांचे सान्निध्यही सोयीचेच होते. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी आश्रय दिला’ असे सर्रास लिहिले जाते, पण येथे थोडी दुरुस्ती हवी. राजाराम महाराजांचे १९४०मध्ये निधन झाले होते, गादीवर अल्पवयीन वारस होता आणि कारभार रीजन्सीमार्फत चालत होता. जागा संस्थानाच्या हद्दीतील, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारवर, अशी ही मांडणी होती. जामनगरशी तिची गल्लत करणे योग्य नाही.

ज्या वर्षी ही छावणी उभी राहिली ते वर्ष यजमानांसाठीही सुखाचे नव्हते. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, सर्वत्र धान्याची टंचाई होती. डिसेंबर १९४२मध्ये कोल्हापूर संस्थानातील गारगोटीच्या खजिन्यावर क्रांतिकारकांनी हल्ला केला होता आणि त्यात काहींना हौतात्म्य आले होते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आकार घेत होते. ज्या राजसत्तेविरुद्ध येथील तरुण भूमिगत झाले होते, त्याच राजसत्तेने हे पाहुणे आणले होते. गोव्यातही त्याच वर्षी युद्धाची वेगळीच झळ दिसली. ऑक्टोबर १९४३मध्ये तटस्थ पोर्तुगीज बंदर म्हणून मुरगावला ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइया मारू’ ही जहाजे समोरासमोर लागली आणि अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातील प्रत्येकी सुमारे दीड हजार नागरिकांची अदलाबदल केली. ती माणसे काही दिवसांत आपल्या देशाच्या वाटेला लागली. वळिवड्यात उतरलेल्यांना ते भाग्य नव्हते.

वसाहत लांबट बराकींची होती. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या मिळत, पुढे ओसरी असे आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. हा शेवटचा तपशील किरकोळ नाही. वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून मिळेल ते खाणाऱ्या बाईला स्वतःची चूल, हातखर्चाची रक्कम आणि बाजारात भाजी निवडण्याची मुभा मिळणे म्हणजे पुन्हा गृहिणी होणे होते. वसाहतीत शाळा, विद्यालय, चर्च, रुग्णालय, टपाल कार्यालय आणि नाट्यमंच होता. शिक्षण पोलिश भाषेतून आणि पोलिश अभ्यासक्रमानुसार चाले. स्काउट पथकांचा पसारा मोठा होता. मुलांच्या हिंडण्याफिरण्याची, शिस्तीची आणि सणसमारंभांची बरीच जबाबदारी त्यांनीच उचलली. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’ हे पोलिश नियतकालिक निघत असे. आसपासचे भाजीवाले, शिंपी, चांभार, टांगेवाले यांच्याशी रोजचा व्यवहार जुळला आणि बाजारापुरते मराठी व हिंदी शब्द मुलांच्या तोंडी आले.

पतींची पत्रे मात्र इटलीतून येत. मे १९४४मध्ये पोलिश दुसऱ्या कोअरने मोंते कासिनो जिंकले. त्याच आठव्या सैन्यात मराठा पायदळही लढत होते. रायगडच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४मधील आणि नगरच्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५मधील इटलीतील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्या लढाईत धारातीर्थी पडले. वळिवड्यातील पोलिश स्त्रिया आणि कोकण-देशावरील मराठी स्त्रिया एकाच रणभूमीवरच्या टपालाची वाट पाहत होत्या.

युद्ध जिंकले गेले, पण वळिवड्याच्या रहिवाशांनी घर गमावले. याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले आणि बहुतेकांची गावे आता दुसऱ्या देशात गेली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील कम्युनिस्टप्रणीत सरकारला दिली. एका दिवसात छावणीचा खर्च देणारे सरकारच कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या ‘युनरा’ या मदतसंस्थेने भार उचलला. मायदेशी परतावे यासाठी आग्रह होता, पण सायबेरिया पाहिलेल्यांपैकी थोडेच परतले. १९४६मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यात आली. अखेर आंदर्सच्या सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलियात. १९४८मध्ये बराकी रिकाम्या झाल्या.

त्यांच्या जागी आलेल्या सिंधी कुटुंबांचेही गाव दुसऱ्या देशात गेले होते, पण त्यांना परत पाठवण्याचा प्रश्न नव्हता. त्यांना येथेच उभे राहायचे होते. पोलिश वसाहतीने आपली शाळा आणि भाषा जपली ती परतण्यासाठी. सिंध्यांनी दुकान उघडले ते राहण्यासाठी. आजच्या गांधीनगरात जुन्या बराकींच्या खुणा शोधाव्या लागतात.

जे पोलिश परतीच्या आशेवरच मरण पावले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. जगभर विखुरलेल्या रहिवाशांनी लंडनमध्ये संघटना बांधून आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि १९९८मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. सप्टेंबर २०१९मध्ये वळिवड्यात बालपण घालवलेले काही वृद्ध पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांसह कोल्हापुरात आले. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.