वाळूच्या कणाएवढी बॅटरी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवंश डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज एका बॅटरीचा इतिहास सांगणार आहोत, आणि तीही वाळूच्या कणाएवढी!

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्ताच्या व चांदीच्या चकत्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा घालून, एकावर एक रचल्या आणि सतत वाहणारी वीज मिळविली. पुढची सारी अडचण त्या उतरंडीतच होती. बॅटरीतील साठा पदार्थाच्या पोटात असतो. पदार्थ घटला की साठाही घटला. १९४७ साली ट्रॅन्झिस्टर आला, १९५८ साली एकाच तुकड्यावर सबंध विद्युन्मंडल साधले, आणि यंत्रे आकसत गेली. प्रवासी खिशात मावू लागला, त्याची शिदोरी मात्र गाठोड्याएवढीच राहिली.

पातळ थरांची बॅटरी निघाली. पण थरात मावणार किती? थर जाड करावा, तर लिथियमच्या आयनांस पल्ला लांब पडतो आणि वीज सावकाश मिळते. जागा अपुरी पडली की आपण मजले चढवितो. २०१३ साली हार्वर्डच्या जेनिफर लुईस आणि इलिनॉयचे शेन डिलन यांच्या मंडळींनी तेच केले. दोन फण्या घ्या आणि एकीचे दात दुसरीच्या दातांत, परंतु न शिवता, बसवा. अशा उभ्या भिंती त्यांनी चक्क छापल्या. भिंती उंच, म्हणून साठा पुष्कळ. दात जवळ, म्हणून वाट आखूड.

एका शाईत लिथियम टायटेनेटचे अतिसूक्ष्म कण, दुसरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे. हे दुसरे द्रव्य १९९७ साली टेक्सासात गुडइनफ यांच्याकडे पुढे आले. त्या निबंधावर पहिले नाव पाधी या संशोधकाचे होते, हे जाता जाता सांगतो. छपाईच्या नळीचे तोंड अवघे ३० मायक्रॉन, म्हणजे केसाहून बारीक.

भगिनींनी हसू नये, पण ही विद्या चकलीच्या सोऱ्याचीच. पीठ सैल तर चकली पसरते, घट्ट तर दांडा हलत नाही. ही शाईही दाब पडताच वाहावी आणि बाहेर येताच जागच्या जागी थिजावी लागते, कारण तिच्या डोक्यावर लगेच दुसरा थर यायचा असतो. खरा पराक्रम आम्ही या शाईचाच मानतो. मग भट्टीत ६०० अंशांपर्यंत तापवून तिच्यातील चिकटद्रव्ये घालवितात आणि फण्यांमध्ये विद्युतवाहक द्रव भरतात. सारा संसार एका मिलिमीटरच्या आत!

राहिली डबी. लिथियमच्या बॅटरीचे हवेतील बाष्पाशी हाडवैर. तीस हवाबंद कोंडावे लागते, आणि एवढ्याशा जिनसेची डबीच जिनसेहून मोठी होऊ पाहते. व्होल्टाचा पुठ्ठा वाळला की वीज मंदावे. येथे ओल आत शिरू नये म्हणून झटणे आले.