‘रोज एक फ्रेम’ : फाळक्यांचा वाटाणा आणि साधा भागाकार

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात एक गोष्ट हमखास येते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढायला भांडवल हवं होतं आणि हलत्या चित्रांत पैसा घालायला कोणी धजत नव्हतं. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, डोळे अधू झाले होते. अशा दिवसांत त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज एक फ्रेम असं महिनाभर टिपलं. बी रुजतं, कोंब फुटतो, वेल वर चढते. ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज दिलं, असं सांगतात. आज आपण टाइम-लॅप्स म्हणतो ते हेच.

आता आकडे मांडून बघा. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम. रोज एक, म्हणजे महिन्याच्या ३० फ्रेम. दोन सेकंदांत खेळ खलास! एवढ्यावर कोण सावकार पैसे देणार?

मिनिटभराला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे ६० फूट फिल्म. भागिले ३०, तर रोज ३२. त्या एकाच वेळी घेतल्या तर रोप दोन सेकंद थिजतं आणि मग उडी मारतं. वाढ सलग दिसायची तर १२ तासांच्या उजेडात दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक फ्रेम हवी. त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की सहसा आठ फ्रेम सरकत. एकेक फ्रेम घ्यायला वेगळी सोय असे. शिवाय कुंडी हलता कामा नये, कॅमेरा हलता कामा नये, आणि उजेड बदलला की पडद्यावर चित्र लुकलुकणार.

इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुलं उमलताना अशीच दाखवली होती. फाळके चाळिशी ओलांडलेले, स्वतःच शिकून हे करत होते.

म्हणून ‘रोज एक फ्रेम’ हे वाक्य मला फाळक्यांवर अन्याय करणारं वाटतं. त्यात फक्त युक्ती दिसते. महिनाभराची राखण दिसत नाही.

पटत नसेल तर तुकईथडात करून बघता येईल. रब्बीत कुंडीत हरभरा पेरा, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. आजच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने मिनिटाला १,५०० फोटो लागतील. मोबाइल ते आपोआप काढतो. फाळक्यांना प्रत्येक वेळी उठावं लागलं असणार.