भाऊसाहेबांचा तोतया

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ज्या पुण्याने त्यांना वैभवाच्या शिखरावर पाहिले होते, त्याचे अंतःकरण ती वार्ता स्वीकारण्यास वर्षानुवर्षे धजावले नाही, आणि पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. म्हणूनच एक कनोजी ब्राह्मण स्वतःस भाऊ म्हणवू लागला तेव्हा, सरकारी चौकशीत तो खोटा ठरलेला असूनही, १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. हे केवळ लोभापोटी घडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पंधरा वर्षे उराशी जपलेल्या आशेला तेथे एक चेहरा मिळाला होता. महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडले आणि त्याच वर्षी पुण्यात तोतयाला देहान्त शासन झाले.